एक जूनची माणसं

रखमाजी सातकराच्या शालनला क्षय झालाय, ही बातमी कान्हे गावाच्या वरच्या आळीत ऐन वैशाखात फुटली. फोडली रतनबाईनं. रतनबाईचं घर रखमाजीच्या घराला लागून. मध्ये एक कुडाची भिंत. भिंतीपलीकडचं रतनबाईला जेवढं ऐकू यायचं, तेवढं खुद्द रखमाजीला स्वतःच्या घरातलं ऐकू यायचं नाही.

पुरावा पक्का होता. अंगाची लाही लाही होतेय, कुत्री ओट्याखालच्या ओलीत जीभ काढून पडलीयत, आणि ही पोरगी रोज सकाळी पिशवीत लोकरीचा स्वेटर कोंबून पुण्याच्या गाडीला पळतेय. वैशाखात जिला हुडहुडी भरते, तिला दुसरं काय झालेलं असणार? दोन दिवसांत शालनच्या एक्सरेतला डाग कुठल्या बरगडीला आहे, तेसुद्धा आळीला कळलं. कामशेतहून तिला बघायला येणारे पाहुणे टाकव्याच्या फाट्यावरूनच मागं फिरले.

कस्तुराबाईनं, म्हणजे शालनच्या आईनं, हे पाणवठ्यावर ऐकलं आणि हंडा तिथंच टाकून घरी आली. संध्याकाळी शालन गाडीतून उतरून घरात पाऊल टाकते न टाकते, तोच आईनं तिची पिशवी उपडी केली.

"ह्ये काय?"

"स्वेटर."

"ह्या दिसांत?"

"आई, मशीनरूममध्ये थंडी असते. कॉम्प्युटरला गार हवा लागते. नाहीतर तो तापून बंद पडतो. त्याच्यासाठी ती खोलीच गार ठेवतात."

भिंतीपलीकडं रतनबाईचा पाटा वाजत होता, तो थांबला. रखमाजी नुकताच ड्यूटीवरून येऊन खाकी डगला खुंटीला लावत होता. तो तसाच डगला हातात धरून उभा राहिला. शालन ज्या चिंचवडच्या कारखान्यात नोकरीला होती, त्याच कारखान्याच्या गेटवर रखमाजी वॉचमन होता. पावसात भिजून आणि उन्हात करपून त्याची तिथं उमर गेली होती.

"म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "मला गेटवर येक पत्रा टाकून द्या म्हनून मी अर्ज करकरून थकलो. आन् त्या कपाटाला सायेब लोक गार हवा सोडत्यात?"

"व्हय, दादा."

"त्याला उकडतंय?"

"व्हय."

रखमाजी त्या दिवशी जेवला नाही म्हणतात. रतनबाईनं मात्र दुसऱ्या दिवशी क्षय मागं घेतला. पुरता घेतला नाही. त्याच्या जागी नवं काहीतरी दिलं. रखमाजीची पोर एका यंत्राची दाई झालीय आणि त्या यंत्राला वारा घालायचा पगार घेते, असं तिनं कळवलं.

खरं तर शालनच्या बाबतीत आळीला धक्के खायची सवय व्हायला हवी होती. मॅट्रिक होऊन पोरगी घरी बसेल असं सगळ्यांनी धरलं होतं, तर ती रोज गाडीनं पुण्याला जाऊन गणितात बी.एस्सी. झाली. आता शाळेत बाई होईल असं धरलं, तर बापानं साहेबाच्या पाया पडून तिला कारखान्यात चिकटवली. तिथं एका लांबट खोलीत ओळीनं मुली बसायच्या आणि पुठ्ठ्याच्या कार्डांना यंत्रानं भोकं पाडायच्या. माणसाचं नाव, खातं, जन्मतारीख, भरतीची तारीख, सगळं भोकांत. पंचिंग म्हणायचे त्याला. मुली चौथी पास असोत की बी.एस्सी., भोक सारखंच पडायचं. शालन तिथं वर्षभर राहिली. मग साहेबांनी नोटीस लावली, की कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला माणसं हवीत, परीक्षा होईल, कुणीही बसावं. कुणीही म्हणजे कोण, याचा पुरुष कारकुनांनी एक अर्थ काढला आणि शालननं दुसरा. पंचिंगमधून मशीनरूममध्ये गेलेली ती त्या कारखान्यातली पहिली बाई.

"तितं तू करतीस काय?" कस्तुराबाईनं एकदा विचारलं.

"यंत्राला काम सांगते. आधी हे कर, मग ते कर. पायरी पायरीनं लिहून द्यायचं."

"आन् त्ये ऐकतंय?"

"सांगितलं तेवढंच करतं. कमी नाही, जास्त नाही."

कस्तुराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "मंग बाप्यांपरास बरं की," ती म्हणाली.

बापलेक सकाळी एकाच गाडीनं जायचे, पण वेगळ्या डब्यांतून. बाप आधी उतरून झपाझप पुढं जायचा आणि गेटवर उभा राहायचा. कामगार असो की कारकून, आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पास बघायचा, पिशवी उघडून बघायची, हा नियम. शालन आली की रखमाजी टाच जुळवायचा, पिशवीत डोकवायचा, स्वतःच्याच बायकोनं बांधून दिलेली भाकरी बघायचा आणि म्हणायचा, "जावा, बाईसाहेब." शालनला पहिल्यांदा रडू आलं होतं. नंतर सवय झाली. रखमाजीला मात्र त्यात भलताच रस होता. शेजारच्या कोंडाजीला तो कोपरानं ढोसायचा.

हा कोंडाजी, रखमाजी आणि गेटवरचे बहुतेक सगळे वॉचमन कान्हे आणि आसपासच्या वाड्यांमधले. ते एकदमच कसे भरती झाले, ही गोष्ट आळीत लग्नाच्या पंगतीला सांगायची होती, आणि रखमाजी ती छाती काढून सांगायचा. कारखाना नवीन होता. गेटसाठी माणसं हवी होती, पण भरतीच्या साहेबानं अट घातली: तरणी पोरं नकोत, ती टिवल्याबावल्या करतात. चाळिशीचा पोक्त माणूस पाहिजे. गावातल्या कुणाचीच चाळिशी आली नव्हती. रखमाजी तर तेहतिशीचा. मग काय, सगळ्यांनी कानशिलांना चुन्याची निवळी लावली, डोक्याला पटका गुंडाळला, खोकत खोकत साहेबापुढं उभे राहिले आणि पोक्त ठरले. साहेब वयाचा कागद मागतोय म्हटल्यावर सगळे शाळेच्या मास्तरांकडं गेले. दुसरी-तिसरीपर्यंत सगळेच शाळेत गेलेले. मास्तरांनी दाखले दिले. रखमाजी एका दिवसात सात वर्षांनी मोठा झाला आणि रात्री घरी येऊन बायकोला म्हणाला, आता मला अहोजाहो कर.

तर हे असं. आता मुद्द्याला येऊ.

त्या हिवाळ्यात शालनला पहिला प्रोग्रॅम एकटीनं लिहायला मिळाला. तोवर ती दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासत होती. काम साधं वाटणारं होतं. येत्या वर्षात अठ्ठावन्न वर्षं कुणाकुणाची पुरी होतात ते कॉम्प्युटरनं सगळ्या कार्डांतून शोधायचं आणि महिनावार छापायचं, म्हणजे ऑफिसला निवृत्तीच्या नोटिसा वेळेवर काढता येतील. आतापर्यंत हे काम एक म्हातारा हेडक्लार्क आठवणीनंच करायचा, आणि आता तोच निवृत्त झाला होता. निंबकर साहेब, कॉम्प्युटर खात्याचे मुख्य, तिला म्हणाले होते, "मिस सातकर, हा नीट झाला की तुम्हाला प्रोग्रॅमर म्हणून कायम करून टाकू. वरच्या लोकांना मी सांगून बसलोय, की मुलीसुद्धा हे करू शकतात. मला तोंडघशी पाडू नका."

शालननं तो लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. एका शनिवारी साऱ्या कारखान्याच्या कार्डांची चळत यंत्रात घातली. छपाईचं यंत्र खडखडलं आणि कागद बाहेर येऊ लागला. जानेवारी, एक माणूस. मार्च, दोन. मे कोरा. मग जून आला.

एक जून, वॉचमन. एक जून, वॉचमन. एक जून, वॉचमन. कागद येतच राहिला. शालन स्वेटरच्या बाह्या खाली ओढून बघत उभी होती. मध्येच एक ओळ आली: सातकर रखमाजी, वॉचमन, एक जून. बापाचं कार्ड तिनंच पंच केलं होतं वर्षापूर्वी, तेव्हा गंमत वाटून खुदकन हसलीसुद्धा होती. प्रोग्रॅम लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं आकडे होते. त्या आकड्यांत बाप आहे, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

निंबकर साहेबांनी कागद हातात घेतला आणि आधी हसले. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"मिस सातकर, तुमच्या प्रोग्रॅमनं आपल्या गेटला कुलूप लावलंय. एका दिवशी सगळे वॉचमन रिटायर?"

"हो सर."

"सगळ्यांचा जन्म एकाच दिवशी? एकाच साली? अहो, काहीतरी बोला. एकच कार्ड परत परत वाचतोय तुमचा प्रोग्रॅम. कुठंतरी चूक आहे."

"नावं वेगळी आहेत, सर."

"नावं वेगळी आणि तारीख एकच, म्हणजे तारखेची जागा चुकली असणार. सोमवारी दुरुस्त करून दाखवा. नाहीतर..." पुढचं बोलायला साहेबांना जड गेलं, म्हणून ते खिडकीकडं बघत बोलले. "पंचिंगला तुमची जागा अजून रिकामी आहे."

शालननं उरलेला सगळा वेळ कार्डं उजेडात धरून तपासली. चूक नव्हती. म्हणजे होती, पण प्रोग्रॅममध्ये नव्हती.

घरी आल्यावर तिनं आडपडदा ठेवला नाही. ताटं वाढल्यावर सगळं सांगितलं. रखमाजीचा घास तोंडाशी गेला आणि परत ताटात आला.

"मी?" तो म्हणाला. "मी रिटायर?"

"कागदावर तुमचं वय अठ्ठावन्न होतंय, दादा."

"कागदाला काय कळतंय? माझं न्हाई झालं. अजून मी भाताचं पोतं येकला उचलतोय."

"मंग सायबाला सांग खरं," कस्तुराबाई म्हणाली.

शालन म्हणाली, "काय सांगू? बापानं वय खोटं लावून नोकरी धरली म्हणून? उद्याच्या उद्या काढतील. जून लांब राहिला. फंड बी अडकंल."

कस्तुराबाईला आता कुठं नीट उमगायला लागलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली. "आन् तुझं यंत्र चुकलं म्हटलं तर?"

"तर हेडक्लार्कच्या जागी दुसरा येईल, त्याला कळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातील. दादांची नोकरी तेवढी लांबंल. आणि मी परत भोकं पाडायला."

भिंतीपलीकडचं रतनबाईचं भांडं हातातून सुटून पडलेलं तिघांनाही ऐकू आलं. सकाळी आळीला सगळं ठाऊक होतं.

रविवारी कोंडाजी आणि आणखी चौघेजण रखमाजीच्या ओट्यावर येऊन बसले. शालनला बाहेर बोलावलं. कोंडाजीनं पटका काढून मांडीवर ठेवला, म्हणजे गंभीर बोलायचं होतं.

"पोरी, तू शिकल्याली. आमी काय बोलावं? पन येक सांग, त्या यंत्राला कवा चूक झालीच न्हाई का?"

"होते की, कोंडाजीकाका."

"मंग आजून येक झाली म्हन. यंत्र काय भांडाय येनार हाय व्हय? त्याला लाज हाय का?"

"यंत्राला नाही. मला आहे."

"तुला काय, तू पुन्यांदा त्या पोरींबरोबर बसशील. खुर्ची हाय, डोक्यावर पंखा हाय. आमाला काय हाय? मी जूनला घरी बसलो तर माझी बायको मला ढोरामागं धाडंल."

"तर जावा की," आतून कस्तुराबाई म्हणाली. "ढोरामागं पास बगाय लागत न्हाई."

बाकीचे हसले, कोंडाजी हसला नाही. "कस्तुरावैनी, ह्ये हसन्यावारी न्हेऊ नका. पोर आपली हाय. आपल्या पोरीनं आपल्याच मानसांच्या पोटावर पाय द्यायचा?"

शालनला वाटलं, बाप काहीतरी बोलेल. रखमाजी सुपारी कातरत बसला होता. सुपारीचा पार भुगा झाला तरी त्याचा अडकित्ता थांबला नाही.

ती उठली, चपला घातल्या आणि दुपारच्या गाडीनं लोणावळ्याला गेली. निवृत्त झाल्यापासून मास्तर तिथं लेकीकडं राहत होते, बाजारामागच्या बोळात. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण शालनला त्यांनी आवाजावरून ओळखलं. तिनं सरळ विचारलं, की मास्तर, आमच्या गावातली सगळी माणसं एक जूनला जन्मली कशी?

मास्तर बराच वेळ हसले. मग लेकीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

"आया पोरं घेऊन यायच्या गं शाळेत. विचारलं, जन्म कधीचा, तर एक म्हणायची, गौरीपुढं झाला. दुसरी म्हणायची, नाण्याच्या म्हशीला वाघानं धरलं त्या साली. तिसरी म्हणायची, मोठा पाऊस झाला तेव्हा. वाघाची तारीख मी कुठून आणू? शाळा जूनमध्ये उघडायची. मी एक जून लिहायचो. आमच्या पलीकडच्या गावचा मास्तरही तेच लिहायचा. हिशेबाला सोपं जायचं."

"माझीपण एक जूनच आहे."

"असणारच. तू मी भरती केलेली."

"मास्तर, आणि वॉचमनच्या दाखल्यांवरचं साल?"

मास्तरांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसून फायदा नव्हता, तरी पुसला.

"तारीख माझी, पोरी," ते म्हणाले. "साल त्यांचं."

शालन परत आली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. स्टेशनवर रखमाजी बाकावर बसलेला. घ्यायला आलोय असं म्हणाला नाही; इकडं गवताचं बघायला आलो होतो म्हणाला. रुळाकडेच्या वाटेनं दोघं मागंपुढं चालू लागली. बाप दोनदा खाकरला.

"तुझ्या यंत्राला," शेवटी तो म्हणाला, "मानसाकडं बगाय शिकवता येत न्हाई का? निस्तं येकदा तोंडाकडं बगितलं असतं त्यानं."

"नाही, दादा. त्याला डोळे नसतात."

"त्ये येक बरं हाय. डोळं असतं तर भरतीलाच आमाला हाकललं असतं." आणखी थोडं चालल्यावर तो थांबला. "तू काय ठरीवलंस त्ये मला सांगू नगंस. मी उद्या गेटवर उबा असनार. सायेब आत जाताना माझ्या तोंडाकडं बगतो. माझ्या तोंडावर काय लपून राहत न्हाई."

सोमवारी गेटवर त्यानं शालनची पिशवी उघडली. रोज नुसतं डोकवायचा. त्या दिवशी आत हात घालून चाचपत राहिला, जणू आत काहीतरी सापडेल आणि तिला परत पाठवता येईल. मागं माणसांची रांग थांबली. मग त्यानं हात बाहेर काढला.

"जावा," तो म्हणाला. बाईसाहेब म्हणाला नाही.

निंबकर साहेब वाटच बघत होते. शालननं दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दिला नाही. ती म्हणाली, "सर, हा तसाच आहे. पण मला अजून एक छोटा चालवून दाखवायचा आहे." त्या छोट्या प्रोग्रॅमचं काम एवढंच, की कुठल्या तारखेला कारखान्यातली किती माणसं जन्मली ते मोजायचं. वय नाही, साल नाही, फक्त दिवस आणि महिना.

यंत्र खडखडलं. जानेवारीत दोन-तीन, पाच, एक, असं तुरळक. फेब्रुवारी तसंच. ती पुण्यामुंबईची माणसं होती, दवाखान्यात जन्मलेली. मग जूनची पहिली ओळ आली आणि तिथला आकडा बघून साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांना वाटलं छपाई बिघडली. त्यांनी आतल्या माणसाला बोलावलं, त्यानंही बघितलं. कारखान्यातला चौथा हिस्सा एक जूनला जन्मलेला. फाउंड्रीतले, गेटवरचे, कॅन्टीनचे, बागेतले. मावळातले, मुळशीतले, खेडचे.

"ही काय भानगड आहे?" साहेब इंग्रजीतून मराठीत आले.

"सर, खेड्यात जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते. मास्तर लिहितात ती तारीख. मास्तर एक जून लिहितात. ह्यात मीसुद्धा आहे."

साहेब तिच्याकडं असे बघत राहिले, की जणू त्यांच्या देखत तिला शेपूट फुटलं. शिकलेली, इंग्रजी बोलणारी, त्यांच्याच खात्यातली मुलगी, आणि तिचा जन्म कधीचा ते तिला ठाऊक नाही. "म्हणजे तुमचा वाढदिवस...?"

"आई म्हणते, नाचणी काढत होते तेव्हाचा. म्हणजे कार्तिक असावा."

साहेब खुर्चीत बसले. मग त्यांच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला, आणि तो येणार हे शालनला ठाऊक होतं. "तारखेचं समजलं. पण वॉचमन सगळे एकाच सालचे कसे? साल बरोबर आहे त्यांचं?"

शालननं एक क्षण खाली बघितलं. मशीनरूमच्या गारठ्यात तिच्या कानशिलावर घाम आला होता.

"दाखल्यावर आहे ते साल धरून प्रोग्रॅम लिहायला तुम्ही सांगितलं होतं, सर. दाखल्यावर आहे तेच कार्डावर आहे. कार्डावर आहे तेच छापलंय. प्रोग्रॅममध्ये चूक नाही."

साहेब मूर्ख नव्हते. त्यांनी तो कागद पुन्हा बघितला, त्यातली सातकर रखमाजी ही ओळ बघितली, मग समोरच्या मिस सातकरकडं बघितलं. नंतर पेन काढून सही केली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चूक नाही."

शालन कायम झाली. नोटिसा निघाल्या. गेटवर ज्या दिवशी त्या वाटल्या, त्या दिवशी तिनं आपली पिशवी स्वतःहून उघडून धरली आणि रखमाजी दुसरीकडं बघत राहिला. सहा महिने बापानं लेकीशी घरात बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं, तर तो बायकोला सांगायचा, "तुज्या प्रोग्रॅमरला म्हनावं, दार लाव."

मेच्या अखेरीस कारखान्यानं निरोपसमारंभ केला. एकेक नारळ, एकेक शाल. सगळे निवृत्त वॉचमन ओळीत उभे करून फोटो काढायचा होता, तर फोटोवाल्याला पुढचं लोखंडी बाकडं आड येत होतं. हमालाला हाक मारायच्या आत रखमाजी आणि कोंडाजीनं ते दोन टोकांना धरून उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. ऑफिसातून आलेले साहेब थक्क होऊन बघत राहिले. अठ्ठावन्न वर्षांचे हे म्हातारे, डोक्यात पांढरा केस नाही, छाती भरदार. "मावळचं पाणी काही वेगळंच दिसतंय," ते म्हणाले. कोंडाजी लगेच खोकायला लागला, पण आता उशीर झाला होता आणि उपयोगही नव्हता.

आळीनं ह्या सगळ्याचा सूड जमेल तेवढा घेतला. संक्रांतीला कस्तुराबाईच्या घरी वाण लुटायला चारच बायका आल्या. त्यातली एक रतनबाई, आणि ती कशाला आली हे सांगायला नको. कोंडाजी समोरून आला की शालनला बघून खाली थुंकायचा, थुंकी नसली तरी. तिकडं कारखान्यात मात्र शालन चढत गेली. तिला शिकायला मुंबईला पाठवलं. परत आल्यावर भांडाराचा सगळा माल कॉम्प्युटरवर घ्यायचं काम तिच्याकडं आलं आणि हाताखाली दोन नवी माणसं, दोघेही पुरुष, दोघेही तिला मॅडम म्हणणारे. त्यातल्या एकानं बाईच्या हाताखाली नको म्हणून कॅन्टीनमध्ये रडून रडून बदली करून घेतली असं रतनबाई सांगायची, ते खोटं.

रखमाजी पहिला महिनाभर गाडीच्या वेळेला डगला चढवून ओट्यावर बसायचा. मग एक दिवस डगला बैलाच्या गोठ्यात टांगला आणि पडीक खाचरं मोडायला घेतली. दोन वर्षांत त्याचं भात आळीत सगळ्यांच्या आधी कमरेला लागलं. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मला माझ्या पोरीनं म्हातारा केला." सांगताना त्याचा आवाज कसा व्हायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं. लेकीशी बोलायला लागला होता, पण अजून बेतानंच.

त्या आषाढात रखमाजीच्या खाचरात लावणीची इर्जिक होती. इर्जिक म्हणजे आज सगळी आळी ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. त्या दिवशी न येणं म्हणजे कायमचं वाकडं, म्हणून कोंडाजीसुद्धा आला होता आणि बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला, शालनला पाठ करून रोपं लावत होता. शालननं रजा काढली होती. लुगड्याचा ओचा वर खोचून, गुडघ्याएवढ्या चिखलात, बायकांच्या ओळीत. तिच्या शेजारी रतनबाई. पावसाचं घोंगडं खांद्यावर, तोंड मोकळं.

रतनबाईनं सगळ्या ओळीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"काय गं शालन, लेक बापाला पोसती ऐकलं व्हतं. बापाला घरी बसवनारी लेक मी हीच बगितली. येवढी मोठी तू प्रोग्रॅमर, त्या यंत्राकडून दोन-चार वर्सं कमी करून घेता आली नसती व्हय बापाची?"

सगळ्या बायकांचे हात थांबले. तिकडं कोंडाजीची पाठ ताठ झाली. रखमाजी मुठीत रोपांची जुडी घेऊन मधल्या बांधावर उभा होता, तोही वळला. शालननं हातातलं रोप चिखलात नीट दाबलं, मग वर बघितलं.

"मावशी, वय दादांनी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं, सायबानं मानलं. मी निस्ती वजाबाकी केली."